आठशे सात

माझ्या टेबलावर रेडिओचा एक काचेचा व्हॉल्व्ह आहे. पाऊण वीत उंच, मनगटाएवढा जाड, खाली पाच पिना आणि डोक्यावर धातूची टोपी. काचेवरचा छाप इतका पुसला आहे की तोंडाची वाफ मारून उजेडात तिरपा धरला तरच वाचता येतो: ८०७. हॅम मंडळी, म्हणजे आम्ही हौशी रेडिओवाले, त्याला 'एट-ओ-सेव्हन' म्हणतात. आमच्या घरात मात्र तो 'आठशे सात', कारण तो आणला त्या दिवशी अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून तसंच वाचलं आणि वर विचारलं, "आठशे सात कशाचे? एवढे रुपये दिले नाहीस ना?"

नऊ रुपये दिले होते.

साल १९७८. मी एकवीस वर्षांचा, आयटीआयचा रेडिओ मेकॅनिकचा दाखला खिशात, आणि पुण्यात एका कारखान्यात सोमवारी मुलाखत. अण्णांच्या रेल्वे पासावर रविवारी सकाळीच पोचलो, आत्याकडे पिशवी टाकली आणि थेट जुना बाजार गाठला. रविवार आणि बुधवार हे त्याचे वार. कुलपं, सायकलच्या चेनी, ग्रामोफोनचे कर्णे, पलटणीचे बूट, सगळं जमिनीवर मांडलेलं. एका ताडपत्रीवर हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी पोट फाडून पडली होती. तांबं आधीच काढून घेतलेलं. पुढच्या पट्टीवर प्रत्येक बटणाचं नाव दोनदा छापलेलं, वर इंग्रजीत आणि खाली मला न वाचता येणाऱ्या अक्षरांत. दुकानदार म्हणाला, "रशियाचं हाय, वरिजनल."

कित्येक वर्षं मी तेच खरं मानलं. मग कळलं की तो ब्रिटिश आराखड्याचा 'वायरलेस सेट नंबर १९', रणगाड्यात बसवायचा. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेले असे सेट रशियालाही पुरवले जायचे, म्हणून पट्टीवर दोन्ही लिप्या. युद्ध संपल्यावर ते जगभरच्या भंगारात पोचले. २ ते ८ मेगासायकलवर (आजच्या भाषेत मेगाहर्ट्झ) चालणारा हा सेट, आणि त्याच्या ट्रान्समीटरचं शेवटचं, जोर लावणारं काम ज्याच्याकडे असतं तो हाच ८०७. मी पेटीतून तो उपसला, फ्रिक्वेन्सी जुळवायचा एक गँग कंडेन्सर आणि एक मीटर घेतला. मीटरचा काटा वाकडा होता. पैसे एवढे संपले की आत्याकडे चालत गेलो.

नोकरी मिळाली नाही. व्हॉल्व्ह मिळाला.

पण व्हॉल्व्ह असून करायचं काय? तेव्हा नुसता रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टातून लायसन्स काढावं लागे, वर्षाचे पैसे भरून पुस्तकावर शिक्का. नातवाला हे सांगितलं तर तो मी थापा मारतोय अशा नजरेने बघतो. हवेत आपला आवाज सोडायचा तर त्याहून मोठी परीक्षा: वायरलेसचं शास्त्र, नियम, आणि मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाने मोर्स, पाठवायचा आणि घ्यायचाही.

मोर्ससाठी मला कुठे लांब जावं लागलं नाही. अण्णा मिरज जंक्शनात तारेवर होते. त्या काळी मिरजेत तिन्ही रुंदीचे रूळ होते, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडची नॅरोगेज, आणि या सगळ्या गाड्यांचे निरोप अण्णांच्या टेबलावरून जायचे. मी ऑसिलेटर केला, दोन ट्रान्झिस्टर आणि एक छोटा स्पीकर, आणि कौतुकाने त्यांच्यापुढे ठेवला. मोर्सची 'की' दाबली की पीप वाजायची. त्यांनी मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "हे काय पिपाणीसारखं? मला कळत नाही."

मला वाटलं चेष्टा करतायत. तीस वर्षं मोर्स वाचणाऱ्या माणसाला मोर्स कळत नाही? पण खरंच होतं. रेल्वेच्या तारेला सूर नसतो. तिथे असतो साउंडर, एक पितळी दांडी जी करंट आला की खाली आपटते आणि गेला की वर आपटते. कट्, कटक्. खालचा आवाज आणि वरचा आवाज वेगळा, आणि दोन्हींच्या मधे किती वेळ गेला त्यावरून डॉट की डॅश ते ठरतं. मी ताटावर चमचा वाजवून त्यांच्याशी मोर्समध्ये बोलायला गेलो तेव्हा ते चिडले. "चमच्याला वर जाण्याचा आवाज आहे का? मग डॅश कसा ओळखू? तू आवाज ऐकतोयस. मधला वेळ ऐक."

चार-पाच रात्रींत त्यांचा कान पिपाणीला सरावला. माझा हात सरावायला आठ महिने लागले. त्यांच्या शिकवण्यात एकच नियम होता, चुकलं तरी थांबायचं नाही. "गाडी थांबते का तुझ्यासाठी?" पेपर आला की त्यातली बाजारभावाचे रकाने ते मला मोर्समध्ये पाठवायचे, कारण गूळ, हळद, शेंगा यांच्या भावात पुढचं अक्षर काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही. हळद चांगलीच तेजीत होती त्या वर्षी, एवढं अजून आठवतं.

परीक्षा दिली, पास झालो, आणि मग वाट बघत बसलो. एकोणीस महिने. कागद कुठल्या टेबलावर झोपले होते ते उगाळण्यात आता अर्थ नाही. मधे एकदा पोलीस चौकशीला आले तेव्हा मात्र गल्ली गोळा झाली. पोराने काय केलं? हवालदारांनी विचारलं, "परदेशात बोलणार होय?" अण्णांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "आधी सांगलीपर्यंत पोचू द्या की."

१९८२ च्या पावसाळ्यात लायसन्स आलं.

पहिला ट्रान्समीटर दोन व्हॉल्व्हचा. ६व्ही६ ऑसिलेटर, पुढे आठशे सात. शेजारच्या लोहाराकडून अठरा गेजच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं चासी वाकवून घेतलं. व्हॉल्व्हच्या बेसची भोकं पाडायला आज पंच मिळतात, तेव्हा भोकाच्या कडेने बारीक ड्रिलची माळ ओवायची आणि मग अर्धगोल कानस घेऊन रात्र घालवायची. कॉइल गुंडाळली, पण वेढे हलत होते. वेढे हलले की फ्रिक्वेन्सी हलते. आमच्या मागेच सतारमेकरांची गल्ली. तिथल्या एका चाचांकडे गेलो. भोपळ्यावर पॉलिशचा हात मारत बसले होते. त्यांनी कॉइल हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "तार कुठल्या सुरात लावायची?" मी म्हटलं, सात मेगासायकल. त्यांनी मान डोलावली, जणू काळी चार म्हटलं असावं, आणि कापडाच्या बोळ्याने चपड्याचे तीन हात दिले. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख ती. चाळीस वर्षं झाली, त्या कॉइलचा एक वेढा हललेला नाही. त्यांच्या सतारी तर अजून जास्त टिकल्या असतील.

क्रिस्टल एका ज्येष्ठ हॅमनी बेंगळुरूहून पोस्टाने पाठवला, पैसे न घेता. क्रिस्टल एक म्हणजे फ्रिक्वेन्सी एक. तुमचं दुकान एकाच जागी, गिऱ्हाईक आलं तर आलं. अँटेना म्हणजे सहासष्ट फूट तांब्याची तार मधोमध तोडून, एक टोक आमच्या गच्चीवरच्या पाइपला, दुसरं समोरच्या नारळाला. नारळवाल्यांना वर्षाला दिवाळीचा फराळ जास्तीचा द्यायचा, हा करार.

संध्याकाळी सातच्या सुमाराला मी सीक्यू पाठवायला बसलो. डा-डि-डा-डि, डा-डा-डि-डा. कोणी आहे का, कोणीही. अण्णा मागे खुर्चीत. चौथ्या की पाचव्या दिवशी उत्तर आलं, तेही बेंगळुरूहूनच, पण वेगळ्या माणसाकडून. हाताला असा घाम सुटला की पेन्सिल घसरत होती. रिपोर्ट आला ५७९सी. पाच म्हणजे स्पष्ट वाचता येतंय, सात म्हणजे सिग्नल चांगला, नऊ म्हणजे सूर स्वच्छ. आणि सी?

अण्णांनीच विचारलं, "शेवटी सी कशाला?"

सी म्हणजे चर्प. चिवचिव. की दाबल्या क्षणी ऑसिलेटरचा व्होल्टेज जरासा बसतो आणि सूर किंचित सरकतो, म्हणून 'पी' ऐवजी 'पियू' असं ऐकू येतं. दोष आहे तो, शोभा नाही. पण अण्णांना तो आवडला. म्हणाले, "बरंय की. न विचारता कळेल तू आहेस ते." तारेवरची माणसं एकमेकांना हातावरून ओळखायची, कुणाचा डॅश लांब, कुणाचा अडखळता. चिवचिव त्यांना त्याच घरातली वाटली असावी.

माझ्या लायसन्सच्या ग्रेडला तेव्हा एक गमतीचा नियम होता. मोर्सवर शंभर संभाषणं केल्याचा पुरावा दाखवा, मग शॉर्टवेव्हवर तोंडाने बोलायची परवानगी मागा. त्या वेळी राग यायचा. आज कुणी विचारलं तर सांगेन, नियम उत्तम होता. शंभर माणसांशी न बोलता बोलल्यावर माणूस बोलायला लागला की कमी बोलतो. निदान सुरुवातीला. मला चौदा महिने लागले.

मग दुसरा ट्रान्समीटर. आठशे सात तोच, पण आता त्याच्या मागे आवाज घालायचा होता. म्हणजे मॉड्युलेटर, त्यात दोन ६एल६ व्हॉल्व्ह, आणि मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर. विकत घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा भरायचा ठरवला. मोटर रिवायंडिंगवाल्याकडून जुन्या स्टॅम्पिंगच्या पत्त्या किलोवर आणल्या. गाभा दोन चौरस इंचांचा, म्हणजे व्होल्टला चार वेढे. २३० व्होल्टच्या बाजूला ९२०. ५००-०-५०० च्या, म्हणजे एकूण हजार व्होल्टच्या बाजूला चार हजार, वर लोडखाली पडणाऱ्या व्होल्टेजसाठी दोनशे. ३६ गेजची तार, केसापेक्षा थोडी जाड, दर थराला लेदरॉइड कागद. लाकडी हँडल फिरवत मोजायचं. तीन हजार एकशे आणि काहीतरी झाले असताना आतून आवाज आला, "अहो, गॅस संपला."

लग्नाला सहा महिने झाले होते. ती बिचारी बाहेर आली तोवर मी डोक्याला हात लावून बसलेलो. सगळं उलगडलं. दुसऱ्या वेळी मित्राने युक्ती सांगितली. साध्या कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या चिन्हाच्या बटणाखालून दोन तारा काढायच्या, हँडलला एक पत्ती अशी लावायची की दर फेऱ्याला त्या तारा जोडल्या जातील, एक अधिक एक दाबून सुरू करायचं. हँडल फिरेल तसा आकडा आपोआप वाढतो. तो कॅल्क्युलेटर दुकानात हिशोबाला आणला होता. मला पुढे कितीतरी दिवस हिशोब तोंडीच करावे लागले.

त्या ट्रान्सफॉर्मरने मला एकदा फेकलं आहे. सेट बंद केला, प्लग काढला, मीटर शून्यावर आला म्हणून हात घातला. तोच जुन्या बाजारातला वाकडा काटा! पाचशे व्होल्ट फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये अजून बसून होते, कारण ते हळूहळू निचरा करणारा ब्लीडर रेझिस्टर मी 'उद्या लावू' म्हणून ठेवला होता. मी मागच्या भिंतीवर, स्क्रूड्रायव्हर खिडकीबाहेर. उजवा हात दोन दिवस आपला वाटत नव्हता. तेव्हापासून सेटमध्ये हात घालायचा तर एकच, दुसरा खिशात. आणि आधी चासीला जोडलेली तार एचटीला, म्हणजे जास्त व्होल्टच्या टोकाला टेकवायची. नव्या मुलांना मी सर्किट नंतर सांगतो, हे आधी.

आठशे सातचीही खोड होती. चांगला चालता चालता मधेच प्लेट लाल व्हायची, अँटेनाचा दिवा मंद. म्हणजे आपण सांगितलेल्या सात मेगासायकलवर न चालता तो भलत्याच, फार वरच्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच गायला लागला होता. या जातीचा हा जुनाच रोग. औषध सोपं: डोक्यावरच्या टोपीला जाणाऱ्या वायरीत शंभर ओहमचा रेझिस्टर, त्याच्याच अंगाभोवती जाड तारेचे पाच-सहा वेढे. दुसरी भीती निळ्या रंगाची. बोलायला लागलं की काचेच्या आतल्या बाजूवर निळसर प्रकाश नाचतो, माझ्या आवाजाबरोबर उजळतो. नवखे घाबरतात. काचेवर निळाई असली तर काही नाही, चुंबक जवळ नेला की ती सरकते. आत, पत्र्यांच्या मधे जांभळट धुरासारखं दिसलं तर मात्र व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली समजायचं. आणि वरचा चंदेरी डाग पांढरा पडला की मग क्रियाकर्मच.

रात्री दिवा घालवून मी त्या निळाईकडे बघत बोलायचो. आपल्याच तोंडचा 'हॅलो' आपल्याला दिसतो, ही गंमत मला आजच्या कुठल्याही चकचकीत सेटने दिलेली नाही.

शेजाऱ्यांना गंमत वाटत नव्हती. गल्लीत टीव्ही आले आणि रविवारी सकाळी सगळी गल्ली एका घरात बसू लागली. मी माइकशी बोललो की त्यांच्या पडद्यावर आडव्या पट्ट्या. सात मेगासायकलचा नववा हार्मोनिक, म्हणजे नऊपट फ्रिक्वेन्सी, त्रेसष्टच्या आसपास जातो, आणि तिथेच जुन्या टीव्हीचा एक चॅनेल. एका आजींनी जाहीर केलं की देव बोलत असताना हा मधे बोलतो. मी फिल्टर लावला, चासीला झाकण केलं, आणि तरीही रविवारी सकाळी सेट चालू करायचा नाही असं ठरवून टाकलं. शास्त्रापेक्षा आजी मोठ्या.

बायकोला मोर्स येत नाही. पण माझा कॉलसाइन, म्हणजे माझं हवेतलं नाव, तिला ओळखता येतो. स्वयंपाकघरातून ती हाक मारते, "तुम्हाला कुणीतरी बोलावतंय." आणि खरंच असतं. मी आवाज वाढवून कान देऊन बसलेलो असतानाही मला ऐकू आलेलं नसतं, तिला फोडणीच्या आवाजात येतं.

नव्वदच्या दशकापर्यंत एएम, म्हणजे आवाज पाठवायची माझी जुनी पद्धत, संपत गेलं. कारण बरोबरच आहे. एएममध्ये पूर्ण मॉड्युलेशन झालं तरी दोन तृतीयांश ताकद नुसत्या कॅरियरमध्ये, म्हणजे वाहक लहरीत जाते, ज्यात शब्द एकही नसतो, आणि जागाही एसएसबी या काटकसरीच्या पद्धतीच्या दुप्पट लागते. बँडवर माझ्यासारख्याने बटण दाबलं की आजूबाजूच्या एसएसबीवाल्यांना एक लांबलचक शिट्टी. सौजन्याने सांगायचे, "ओएम, तुमचा कॅरियर फार रुंद आहे." ओएम म्हणजे ओल्ड मॅन, हॅममध्ये विशीतल्या पोरालाही हेच म्हणतात. आता मला म्हणतात तेव्हा शब्दशः लागू पडतं. मी आठशे सात उतरवून कापसात गुंडाळला. पुढे हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्सचा आराखडा हाती आला तेव्हा तो बांधला. भारतात गल्लीतल्या दुकानात मिळेल त्यातच एसएसबीचा सेट व्हावा असा तो विचार होता. कॉम्प्युटरमधले दहा मेगाहर्ट्झचे क्रिस्टल, आणि कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर. हार्डवेअरच्या दुकानात वीस वॉशर मागितले तर दुकानदार म्हणाला, "किती नळ गळतायत तुमचे?" सेट उत्तम चालतो. अजून चालतो. पण त्यात बघायला काही नाही.

एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. १९४२ च्या चळवळीत मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती जागा बदलत प्रक्षेपण करायचे, आणि घोषणेत तरंगलांबी सांगायचे: ४२.३४ मीटर. हे वाचलं तेव्हा मी सवयीने ३०० ला ४२.३४ ने भागलं. ७.०८ मेगासायकलच्या आसपास. म्हणजे आम्हा हौशी लोकांच्या चाळीस मीटर बँडचा मधला भाग! ज्या ठिकाणी मी सकाळी हवापाण्याच्या गप्पा मारतो, तिथे. त्यांचा ट्रान्समीटर जुळवणारा नरिमन प्रिंटर हाही रेडिओतलाच जाणकार. तोच पुढे फुटला आणि पोलिसांना घेऊन आला. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते पकडले गेले, उषाताईंना तुरुंगवास झाला. ७.०८ वर डायल आला की माझा हात थोडा थांबतो, एवढंच.

पेपरवाले कधी आले की फक्त भूकंप आणि पूर विचारतात. संकटात हॅम उपयोगी पडतात, खरं आहे, मीही थोडाफार पडलो आहे. पण हौशीला दर वेळी समाजसेवेचं प्रमाणपत्र का जोडावं लागतं ते मला कळत नाही. सतार शिकणाऱ्याला कुणी विचारत नाही की पुरात तिचा काय उपयोग.

पुराने माझ्याकडून मात्र घेतलं. घराला रंग द्यायचा म्हणून मी सामानाची दोन खोकी सांगलीत मेहुण्याच्या तळमजल्यावर ठेवली होती. ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी त्यांच्या खिडकीच्या वर गेलं. माणसं आधीच वरच्या मजल्यावर गेली म्हणून ठीक. दहा-बारा दिवसांनी आम्ही खोकी उघडली तेव्हा आत गाळ, घट्ट, दह्यासारखा कापला जाणारा. चार हजार दोनशे वेढ्यांचा तो ट्रान्सफॉर्मर आतून कुजला होता. मॉड्युलेशनचा तसाच. गँग कंडेन्सरच्या पात्यांमधे चिखल सुकून वीट. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, टाकून देऊ या." त्याचं स्वतःचं फ्रिज, गाद्या, पोरांची पुस्तकं रस्त्यावर ढिगात होती, त्यापुढे माझ्या लोखंडाबद्दल बोलायची मला लाज वाटत होती.

आठशे सात मी खिशात टाकून आणला. काच पाणी पीत नाही. घरी कोमट पाण्याने धुतला, पिना बारीक पॉलिश पेपरने घासल्या, दोन दिवस उन्हात ठेवला. चंदेरी डाग चंदेरीच होता. हीटरला ६.३ व्होल्ट दिले आणि मिनिटभरात आत नारिंगी उजेड आला.

अण्णा नव्हते बघायला. ते जाऊन दहा वर्षं झाली होती. १४ जुलै २०१३ च्या रात्री सरकारी तार बंद झाली तेव्हाही नव्हते. तारेतला मोर्स तर त्याच्या कितीतरी आधीच गेला होता. पण त्या रात्री मी त्यांचीच की वापरून अर्धा तास बँडवर होतो, गुळाचे आणि हळदीचे भाव पाठवत. अर्थात अँटेना काढून, सिग्नल हवेत जाऊ न देणाऱ्या नुसत्या डमी लोडवर. नियम म्हणजे नियम.

तिसरा ट्रान्समीटर बांधायला सव्वा वर्ष लागलं. डोळ्यांनी साथ सोडली आहे, सोल्डरिंग भिंगाखाली करतो. हात थरथरतो म्हणून इस्त्री दोन्ही हातांनी धरतो. लोखंडी सोल्डरिंग आयर्नला आमच्याकडे इस्त्रीच म्हणायचे. ट्रान्सफॉर्मर या वेळी विकत आणला, हे कबूल करून टाकतो. बाकी सगळं जुनं: चपड्याची कॉइल, धुतलेला गँग, आणि ऑसिलेटरचा व्होल्टेज स्थिर ठेवायला व्हीआर-१५० व्हॉल्व्ह, जो चालू झाला की आत वांग्याच्या फुलासारखा जांभळा होतो. हा जांभळा बरा, तो तसाच असायला हवा.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी मोर्सवर सीक्यू टाकला. केरळातलं एक स्टेशन आलं, कॉलसाइनवरून नवा मुलगा असणार. हात सुरेख होता, डॅश न डॅश मापाचा. त्याने रिग, म्हणजे सेट कुठला विचारलं. मी कळवलं, ८०७. त्याने पाठवलं, नवं मॉडेल? कोणत्या कंपनीचं? मी बराच वेळ की वर हात ठेवून बसलो आणि मग एवढंच पाठवलं, जुनं आहे, रणगाड्यातलं. त्यावर त्याने दोन उद्गारचिन्हं पाठवली. उद्गारचिन्हाचा मोर्स मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, पुस्तकात शोधावा लागला.

आणि रिपोर्ट दिला ५७९सी.

व्हीआर-१५० असताना चिवचिव यायलाच नको. दोन रात्री शोधलं. दिवा घालवून की दाबली तेव्हा दिसलं: जांभळा उजेड दर डॅशला किंचित फडफडतो. व्हॉल्व्ह चांगला आहे, त्याचा ऑक्टल बेस सैल आहे. पुरातलाच आहे तो, एका पिनेच्या चिमट्यात हिरवट गंज. दाताच्या ब्रशने घासला, चिमटा टाचणीने आवळला, थोडा फरक पडला, पूर्ण नाही. बेस बदलावाच लागणार. माझ्याकडे एकही उरलेला नाही.

पुतण्याला फोन केला, पुण्यात असतो, रविवारी मोकळा असतो. जुन्या बाजारात जा म्हटलं, सिरॅमिकचा ऑक्टल बेस, आठ पिना, मधे खाच असलेलं भोक. त्याने विचारलं, "काका, फोटो पाठवा ना." पाठवला. आणि खाली लिहिलं, पन्नासच्या वर देऊ नकोस.